आक्का मेण ओळखते

आमच्या मेणबत्तीच्या कारखान्यात आक्काला सगळे टोचणीबाई म्हणत. तोंडावर नाही. तोंडावर म्हणायची हिंमत एकट्या मुकादमात होती, आणि तोही दाराजवळ उभा राहून म्हणायचा.

टोचणी म्हणजे लाकडी मुठीची जाड सुई. पॅराफिन मेण साच्यात ओतलं की गार होताना आकसतं. वरून सपाट दिसतं, पण आत वातीजवळ पोकळ राहतं. अशी मेणबत्ती नीट जळत नाही. म्हणून मेण अर्धवट आवळलं, म्हणजे थिजलं, की वातीभोवती तीन ठिकाणी टोचायचं, पोकळी उघडी करायची आणि वरून पुन्हा थोडं मेण घालायचं. याला आम्ही दुसरी ओत म्हणायचो. लवकर टोचलं तर भोक बुजतं. उशिरा टोचलं तर मेण चिरतं. मधली वेळ चार-पाच मिनिटांची. आक्काने ती एकतीस वर्षं घड्याळ न बघता साधली.

मी त्याच शेडमध्ये वितळणीच्या टाकीवर होतो. माझं मेण पाच अंश जास्त गरम गेलं तर ती टेबलावरून ओरडायची, "भाऊ, आज कुणाला सोलायचंय?"

ती माझी सख्खी बहीण नाही. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. कामाच्या पहिल्याच दिवशी तिने माझा डबा उघडला, एक घास खाल्ला आणि म्हणाली, "बायकोला सांग, मीठ कमी पडलंय." त्यानंतर नातं ठरवायची गरज पडली नाही.

कारखाना बंद झाला. मी घरी बसलो. मला बसणं जमतं. आक्काला जमत नाही. तिचा मुलगा बस चालवतो, दिवसभर बाहेर. सुनेने मागच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं होतं. काचेच्या पेल्यातल्या मेणबत्त्या, ओठांचं मलम, टाचांचं मलम. सून शिकलेली, हाताची नेटकी. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, प्रत्येक ओतीला थर्मामीटर. कारखाना बंद झाल्यावर दुसऱ्याच सोमवारी आक्का एप्रनच्या खिशात आपली टोचणी घेऊन त्या खोलीत हजर झाली.

पुढचं मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं. आकडा मात्र दोन्हीत एकच होता. अठ्ठेचाळीस.

सून काही सामान आणायला बाहेर गेली होती. टेबलावर अठ्ठेचाळीस पेले गार होत होते. मेण आवळत आलेलं आणि एकालाही टोचलेलं नाही. आक्काने विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता, चार-पाच मिनिटंच असतात. तिने सगळे टोचले. प्रत्येकात तीन भोकं.

ते सोयाचं मेण होतं. सोयाबीनच्या तेलाचं. बेतशीर गरम ओतलं तर ते जवळजवळ आकसत नाही. त्याला दुसरी ओत लागत नाही. सून परत आली तेव्हा साईसारख्या गुळगुळीत अठ्ठेचाळीस पेल्यांवर देवी आल्यासारखे खड्डे होते. सगळं मेण काढून, पेले धुऊन, नव्या वाती लावून पुन्हा ओतावं लागलं. दोन दिवस गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का आमच्याकडे आली.

"ओरडली का?" मी विचारलं.

"ओरडली असती तर मीही ओरडले असते. मिटलं असतं. 'आई, आता तुम्ही बसा' म्हणाली. माझी टोचणी कप्प्यात टाकली आणि खुर्ची पुढे केली. गादीची."

"मग बस की."

"तुझं काय जातंय बस म्हणायला! तू जन्मभर टाकीजवळ स्टुलावरच बसलेला."

हे खोटं आहे. टाकीजवळ स्टूल नव्हतं.

"एकतीस वर्षं मेणात काढली रे," ती म्हणाली, "आणि आता मेण बघायचं ते खुर्चीतून?"

आतून बायको म्हणाली, "आक्का, मेण बदललं असेल तर नवं शिका. तुम्ही काही म्हाताऱ्या नाही झालात."

"झालेय. पण शिकते."

तिने सुनेकडे दोन गोष्टी मागितल्या. एक, रोजची भांडी घासायचं काम. खरकटं मेण घासणं कुणालाच आवडत नाही, त्यामुळे ते लगेच मिळालं. दोन, प्रत्येक जातीचं थोडं थोडं मेण. सून म्हणाली, "घ्या आई, पण आपलं आपल्या खिडकीत करा." म्हणजे तिच्या टेबलावर नको.

आक्काने आपल्या खोलीच्या खिडकीत तीन पेले मांडले. पॅराफिन, मधमाशीचं मेण, सोयाचं मेण. तिघांना एकसारखी वात लावली आणि चुकली. मधमाशीच्या मेणात ज्योत बुडून विझली. त्या मेणाला जाड वात लागते. तिने तिन्ही पेले रिकामे केले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. नुसता एक पेला बदलता आला असता. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "शर्यत लावायची तर सगळे एकाच वेळी सुटले पाहिजेत." बरोबर आहे. कष्ट वाचवून केलेली पारख पारख नसते.

पॅराफिन भरभर जळलं, उजेड चांगला पडला, पेल्याच्या काठाला काजळी धरली. सोया सावकाश जळलं, काजळी कमी. मधमाशीचं मेण सगळ्यांच्या मागून संपलं आणि खोलीला मधाचा वास राहिला.

मलमासाठी तिला टाचा हव्या होत्या. माझ्या टाचा टाकीसमोर उभं राहून फुटलेल्या आहेत. स्टुलाची गोष्ट इथेच निकाली निघावी. डाव्या टाचेला मधमाशीच्या मेणाचं मलम, उजव्या टाचेला सोयाचं. तेल दोन्हीत एकच, माप एकच.

"आणि पॅराफिनचं?" मी म्हटलं. "तिसरी टाच कुठून आणू?"

तिने माझ्या बायकोकडे पाहिलं. बायकोने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. शेवटी मीच माझं कोपर पुढे केलं.

दहा दिवस मी डाव्या पायात एका रंगाचा मोजा आणि उजव्यात दुसऱ्या रंगाचा असा फिरलो, कारण मोज्यांची अदलाबदल होऊ नये अशी ताकीद होती. आक्का रोज सकाळी येऊन टाचा बघायची. बायको म्हणाली, "लग्नात यांचा चेहरासुद्धा कुणी इतका निरखून पाहिला नव्हता." सोया लावताना लोण्यासारखं, सुखाचं, पण दुपारपर्यंत जिरून जायचं, आणि उन्हात ठेवलेल्या डबीत त्याचं पातळ तेल झालं. मधमाशीचं थोडं चिकट, पण संध्याकाळपर्यंत जागा सोडत नसे. डाव्या टाचेच्या भेगा आधी मिटल्या. कोपरावरचं पॅराफिन झाकण ठेवल्यासारखं वरच्या वर बसून राहिलं.

"मग पॅराफिन कामाचं नाही," मी म्हटलं.

"नावं ठेवू नकोस. त्याच्यावर तुझी पोरं मोठी झाली."

सुनेला हे सगळं कळत होतं. टाचांच्या मलमात तिने मधमाशीचं मेण थोडं वाढवलंही. पण टेबल टेबलच राहिलं आणि मोरी मोरीच.

मग मालिशवाल्या बाईचं काम आलं. ती बाई सोयाच्या मेणबत्त्या लावते. सोया कमी उष्णतेला वितळतं, म्हणून वितळलेलं मेण कोमट असतं, आणि तेच ती गिऱ्हाइकांच्या पाठीला, हातापायाला चोळते. तिला साठ पेले हवे होते, निव्वळ सोयाचे. सुनेने तसा शब्द दिला. नेहमीची गोणी संपत आली होती, म्हणून दुकानातून नवी आणली आणि पहिले छत्तीस पेले भरले.

भांडं मोरीत आलं. सोयाचं भांडं गरम पाणी आणि साबण लावला की एका पाण्यात सुटतं. आक्काने तीन पाणी केली. तिसऱ्या पाण्यानंतरही भांड्यात बोट घसरत होतं. ती घसरण तिच्या ओळखीची होती.

ओल्या हातांनी ती टेबलाशी गेली. "या गोणीत पॅराफिन आहे."

"आई, गोणीवर शुद्ध सोया लिहिलंय."

"गोणीवर काय, माझ्या पाठीवरही वय वर्षं वीस लिहिता येईल."

सून दमलेली होती. ती म्हणाली, "तुम्हाला टेबलावर यायचंय म्हणून—" आणि थांबली. वाक्य थांबलं तरी पोचलं होतं.

आक्का भांडली नाही. तिने मला फोन केला. "भाऊ, तुझा थर्मामीटर घेऊन ये. नीट पुसून आण."

मी गेलो. दोघी एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या. आक्काने दोन भांड्यांत मेण वितळवलं, एकात जुन्या गोणीचं, दुसऱ्यात नव्या. दोन सारखे पेले घेतले आणि पत्र्याचे दोन सारखे साचे. मी दोन्ही भांडी साठ अंशांवर आणली.

"काका, नक्की साठ?" सुनेने विचारलं.

"साठ म्हणजे साठ."

"आज तरी," आक्का म्हणाली.

ओतलं. आम्ही तिघं उभे राहिलो. गादीची खुर्ची कोपऱ्यात होती, कुणी बसलं नाही. जुनं मेण सपाट आवळलं. नव्याच्या मध्यभागी वातीशी हळूहळू खळगा पडायला लागला. पूर्ण गार झाल्यावर आक्काने साचे उलटे करून ठोकले. जुन्याने पत्रा धरून ठेवला. नव्याची मेणबत्ती सर्रकन तिच्या तळहातावर आली, कारखान्यात यायची तशी.

"आकसलं, म्हणून सुटलं," ती म्हणाली.

तरी सून हट्टाने म्हणाली, "थोडंसं असेल मिसळलेलं. चालतं कधी कधी."

मग आम्ही दोन्ही पेल्यांत ज्योत लावली आणि वर मेणाचं तळं झाल्यावर थर्मामीटर बुडवला. नव्याचा आकडा पंधरा अंशांनी वर होता. मी आकडा वाचून दाखवत होतो तेवढ्यात आक्काने जुन्या मेणाचा थेंब डाव्या मनगटावर घेतला आणि नव्याचा उजव्या मनगटावर. मी हात धरेपर्यंत उशीर झाला होता. डाव्यावर काही नाही. उजव्यावर लाल टिकली उमटली.

"हे तुझ्या त्या बाईच्या गिऱ्हाइकाच्या पाठीवर," ती सुनेला म्हणाली. "आणि पेल्यावर नाव तुझं."

सुनेने आधी तिचं मनगट नळाखाली धरलं. बराच वेळ धरलं. मग फोन उचलून मालिशवाल्या बाईकडून चार दिवस मागून घेतले. मग छत्तीस पेल्यांवरच्या चिठ्ठ्या एकेक करून सोलल्या. मी मदत करायला गेलो तर म्हणाली, "नको काका, मी लावल्यात, मीच काढते." मला ती पोरगी तेव्हा आवडली.

दुकानदाराने फोडलेली गोणी परत घेतली नाही. सुनेने ठरवलं, या मेणाच्या साध्या उजेडाच्या मेणबत्त्या करायच्या, वर 'मिश्र मेण, अंगाला लावू नये' असं स्पष्ट लिहून. दुसऱ्या दिवशी तिने साचे भरले आणि मेण आवळायला लागल्यावर मोरीच्या दाराशी आली.

"आई, यांना टोचावं लागेल ना? कधी टोचायचं ते मला कळत नाही."

"टोचणी कुठे ठेवलीस?"

"कप्प्यात. पुसून ठेवलीय."

आक्काने हात पुसले. टेबलाशी जाऊन तिने सुनेचं बोट धरलं आणि मेणावर टेकवलं. "आता नाही. आता नाही. अजून नाही... हां!"

आता टेबलावर दोघी असतात. सोयाच्या दिवशी सून ओतते आणि आक्का हात मागे बांधून उभी राहते. हात मोकळे असले की टोचतील, असं तीच म्हणते. मिश्र मेणाच्या दिवशी टोचणी तिच्याकडे. सुनेची वेळ अजून दहात तीनदा चुकते. आक्का ते मोजते आणि सांगतेही.

भांड्यांवरून मात्र रोज वाद होतो.

"आई, आता भांडी मी घासते, तुम्ही टेबलाचं बघा."

"तुला घासता येत नाहीत. एका पाण्यात उरकतेस."

गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हाही हेच चालू होतं. मी उभाच होतो. आक्काने मागे न बघता पायाने गादीची खुर्ची माझ्याकडे ढकलली.

"बस," ती म्हणाली. "तुला सवय आहे."