गजांपलीकडचा बोका

आमच्या मनीने आज पुन्हा शेपूट थरथरवत खिडकीच्या पडद्यावर धार सोडली. सून वैतागली, "बाबा, बास झालं. रविवारी हिला कुणाला तरी देऊन टाकू." मनीची नजर मात्र गजांपलीकडच्या करड्या बोक्यावर होती. सगळे कामावर गेले की त्याला बांगड्याचं डोकं मीच घालतो. घर आपलंच राहील याची खात्री नसली की खुणा कराव्या लागतात. मीही हल्ली खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीवर पंचा टाकूनच उठतो. दिवसभर नुसत्या येरझाऱ्या घातल्या. संध्याकाळी सुनेला सांगितलं, "अगं, मनीचा दोष नाही. त्या बोक्याला मीच लळा लावलाय."

"मग त्याचं खाणं आधी बंद करा," ती म्हणाली, "आणि पडदा तुम्हीच धुवा. मनी राहू दे."

पडदा धुतला. उद्या दुपारी तो बोका हाक मारील, तेव्हा मी कुठे बसू?