हवालदाराचं फाटक

आमच्या गावात परवानगीशिवाय फक्त वारा शिरतो, असं सगळा कवठे महांकाळ तालुका म्हणायचा, आणि त्याला कारण माझा शेजारी, निवृत्त हवालदार. वीस वर्षं सीमेवर काढून आला आणि त्यानं शेताच्या वाटेवर बांबूचं फाटक बसवलं. वाट सगळ्यांना सोयीची, म्हणून गाव नाव-काम सांगून तिथूनच जाई. दिवाळीला आलेल्या स्वतःच्या जावयालाही त्यानं अडवलं. “मामा, मी जावई.” “ते दिसतंय. काम सांगा.” जावई म्हणाले, “जेवायला,” तेव्हा बांबू वर गेला. मी विचारायचो, “म्हशीला पासपोर्ट काढलास का रं?” “तिला हद्द कळती गड्या. तुलाच न्हाई.”

पण त्या फाटकावरून कुणी माघारी गेल्याचं मला आठवत नाही. उलट चहा मिळायचा. “देशाला हद्द लागतीच,” तो म्हणे, “पण न्हाई म्हणायचं तर माणसाचं ऐकून म्हणावं.”

चार वर्षांपूर्वी बंगाली बोलणारा एक फरशीवाला बायको आणि लहान मुलीला घेऊन आला. हवालदारानं त्याला शेतातली खोली दिली. त्याचा हात सफाईदार होता. माझ्या गवंडी पुतण्याची कामं त्याच्याकडे गेली. निम्मं गाव सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी केरळात आणि तमिळनाडूत जाऊन राहिलेलं, तरी हा आम्हाला परका वाटला. लोक त्याला बांगलादेशी म्हणू लागले.

एक दिवस पोलिसांनी त्या तिघांना गाडीत घालून नेलं. दोन दिवसांनी कागद खरे निघाले, म्हणून सोडलं. ते आले, भांडी बांधली आणि गेले. गाव म्हणालं, हवालदारानंच कळवलं असणार, इतका संशयी दुसरा कोण? त्यानं खुलासा केला नाही. मी त्याच्याकडे चहा पीत राहिलो.

पोलिसांना कळवणारा अर्ज मी लिहिला होता. तेव्हा मी पोलीस पाटील होतो. ‘संशयित परदेशी इसम’ एवढंच लिहिलं. त्या फरशीवाल्याशी एकदाही बोललो नव्हतो.

गेल्या महिन्यात मिरजेच्या दवाखान्यात दाखल असलेल्या हवालदाराला हे सांगितलं. म्हणालो, “कागद खरे होते रं त्याचे. ते मनाला लागलंय.”

त्यानं छताकडची नजर माझ्याकडे वळवली.

“आन खोटे निघाले असते, तर हे सांगायला आला असतास का?”

मी मोसंबी सोलत बसलो. सोलून झाल्यावर त्यानं हात पुढे केला, अर्धी घेतली आणि अर्धी माझ्याकडे सरकवली.