वरची माती
लालबर्ऱ्याच्या रस्त्यावर वीटभट्टीचा धूर नाकात गेला, की मला आमची बांधी आठवते, धानाचं ते एवढंसं शेत. बांधी उंचावर होती, म्हणून नहराचं, म्हणजे कालव्याचं, पाणी तिथं चढत नसे. एका उन्हाळ्यात आई राजेगावला मावशीकडे गेली असताना एक भट्टीवाला मला म्हणाला, "वरची हातभर माती देऊन टाक. बांधी खाली होईल, पाणी आपोआप येईल." मला ते पटलं. जेसीबीनं दोन दिवसांत माती उचलून नेली. आई परतली ती सरळ बांधीवर आली. तिथं पिवळट मुरूम उघडा पडला होता. ती म्हणाली, "काहून देल्ली रे बापू?" मी म्हणालो, "आता पाणी येईल ना." "हौ, पाणी येईल. पण धान खाईल काय?" त्या वर्षी पाणी आलं आणि धान वीतभर वाढून पिवळं पडलं. नंतर दर उन्हाळ्यात आई आटलेल्या तलावातला काळा गाळ टोपलीनं डोक्यावर वाहून बांधीत टाकायची. मी म्हणायचो, "सोड ना आई, लोक हासून राह्यले." ती पुढची टोपली भरायची. ती गेली, तेव्हा बांधीचा एकच कोपरा काळा झाला होता. आता मी ट्रॅक्टरनं गाळ आणतो, धानही बरं होतं. पण तिच्या डोक्यावरची टोपली मी एकदाही माझ्या डोक्यावर घेतली नाही, हे अजून कोणाला सांगता आलेलं नाही.