सात जणांची गाडी

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या त्या माणसाला सगळे मोजपट्टी म्हणतात, आणि मनातून त्याला ते आवडतं. घरं हलवण्याचा त्याचा धंदा. कंपनी दुसऱ्याची, पण ट्रकमध्ये सामान लावणाऱ्या टोळीचा मुकादम हा. दारात उभा राहून खोलीवर एक नजर टाकतो आणि सांगून मोकळा होतो, "छोट्या ट्रकमध्ये बसेल, उगाच मोठा मागवू नका." आणि खरंच बसतं.

माझं इस्त्रीचं दुकान जिन्याखाली आहे. इमारतीत कुणाचं काय चाललंय ते मला विचारावं लागत नाही. निम्मं कपडे सांगतात, उरलेलं बायका सांगतात. पण हे मी सांगते ते बरंचसं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्याच्या कामाची एक रीत होती. घर रिकामं झालं की तो एकटा परत आत जायचा. दारामागे, माळ्यावर, न्हाणीघराच्या खिडकीत, सगळीकडे बघायचा आणि मग बाहेर येऊन ओरडायचा, "काही राहिलं का?" एकदा म्हणे त्याला अशा फेरीत एका आजीबाईंची कवळी सापडली. ती घेऊन तो निघालेल्या गाडीमागे धावला. आजीबाईंनी ती तिथल्या तिथे तोंडात बसवली आणि मगच त्याला आशीर्वाद दिला. ही गोष्ट त्याने मला इतक्या वेळा सांगितली आहे की आजीबाईंचा चेहरासुद्धा मला पाठ झालाय.

त्याच्या घरात बायको, दोन मुलं आणि त्याची थोरली बहीण. तिला सगळे ताईच म्हणतात, मीसुद्धा. आई लवकर गेली तेव्हा ताईनेच त्याला आणि धाकट्या भावाला वाढवलं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती नोकरीला होती, चादरी धुऊन धुऊन हातांची सालटं निघायची, पण या दोघांची शाळा चुकू दिली नाही. स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. आता धाकटा वेगळा राहतो, ताई थोरल्याकडे. घर तिच्यावरच चालतं. कुणाच्या लग्नाला जायचं असो की सुट्टीला, बाकीचे निघायचे आणि ताई मागे थांबायची. थांब असं तिला कधी कुणी म्हटलं नाही. घरी कोणीतरी हवं, एवढंच प्रत्येकाच्या डोक्यात, आणि कोणीतरी म्हणजे ताई.

गेल्या थंडीत त्याच्या एका गिऱ्हाइकाने खूश होऊन त्याला आपल्या लाकडी घराची किल्ली देऊ केली. घर पार जंगलात. शेवटच्या गावापासून कच्चा रस्ता, पुढे थोडं पायी. वीज नाही, फोन लागत नाही, दुकान नाही. पाण्यापासून काडेपेटीपर्यंत सगळं आपणच न्यायचं. दुसरा कोणी असता तर नको म्हणाला असता. मोजपट्टीच्या अंगात मात्र संचारलं. रोज संध्याकाळी जेवायच्या टेबलावर त्याचा बेत चालायचा. काय न्यायचं, कशात भरायचं, काय कशावर ठेवायचं. माझ्याकडे शर्ट टाकायला आला तरी तेच. "या वेळी सगळं घर जाणार," मला म्हणाला. "धाकटासुद्धा येतोय."

दोन दिवसांनी ताई आली. हातात तिचा जुना गरम कोट. "याला वाफेची इस्त्री कर गं, कपाटाचा वास मारतोय," म्हणाली. "जंगलात थंडी फार असते म्हणे."

"ताई, तुम्हीपण?" मी विचारलं.

"सगळं घर जाणार म्हणालाय," ती म्हणाली, आणि लहान मुलीसारखी हसली. मग पाय पुढे करून दाखवले. नवे कापडी बूट. चावू नयेत म्हणून रोज दुपारी ती ते घालून आवारात फेऱ्या मारायची. त्या वयात माणूस नव्या बुटांनी इतकं खूश होतं हे मला माहीत नव्हतं. कोटाला मी दोनदा इस्त्री केली आणि एकदाचेच पैसे घेतले.

निघायच्या आधीच्या रविवारी त्याने रंगीत तालीम ठेवली. ही त्याच्या धंद्यातली खोड. ओळखीच्या ड्रायव्हरकडून तासाभरासाठी सात जणांची गाडी मागून आणली, सगळं सामान खाली उतरवलं आणि लावायला सुरुवात केली. धाकटा, त्याची बायको आणि मुलगाही हजर होते. इमारतीतले लोक गॅलरीत जमले. मोजपट्टी रंगात आला होता. पाण्याचे कॅन, तांदळाचा डबा, स्टोव्ह, दोऱ्या, पांघरुणं. कंदिलाच्या काचेला धक्का लागू नये म्हणून त्याला काहीतरी मऊ हवं होतं. इकडे तिकडे बघत त्याने हात पुढे केला. ताई शेजारीच उभी होती, तिने आपली कापडी पिशवी त्याच्या हातात दिली. ती कुणाची, आत काय, त्याने विचारलं नाही. कंदील आणि स्टोव्हच्या मध्ये ती कोंबली, त्यावर बाकीचं रचलं आणि मागचं दार दणकन लावलं.

"आता माणसं!" तो ओरडला.

बायको पुढे बसली. मधे धाकट्याचं बिऱ्हाड. मागे दोन मुलं. स्वतः ड्रायव्हरच्या जागेवर. मी टेबलामागून मोजत होते, आणि मोजता मोजता माझ्या हातातली इस्त्री तशीच राहिली, एका साहेबाच्या शर्टाची बाही थोडक्यात वाचली.

त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सवयीने ओरडला, "काही राहिलं का?"

"मी राहिले की रे!" ताई फुटपाथवरून म्हणाली.

ती हसत होती. तिला वाटलं तो चेष्टा करतोय, आता खाली उतरून कुणाला तरी सरकवेल. गॅलरीतलेही हसले. गाडीत मात्र कोणी हसलं नाही. मोजपट्टीने मागे वळून पाहिलं, एकेक सीट बघितली आणि मग ताईकडे बघितलं. त्याचा चेहरा असा उतरला की पाहवेना. तो चेहरा ताईनेही पाहिला. तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

तो खाली उतरला. "ताई, अगं, मी तुला विचारणारच होतो. पण म्हटलं तुझे गुडघे... चढ आहे तिथं... आणि थंडी..."

ताई रोज भाजीच्या दोन पिशव्या घेऊन तीन मजले चढते. तिच्या गुडघ्यांबद्दल त्या दिवसापर्यंत कुणी एक शब्द काढला नव्हता.

"हो रे," ती म्हणाली. "मी आपली गंमत केली. घरी कोणीतरी हवंच. माझी पिशवी तेवढी दे."

आणि पिशवी तर तळाशी! राहू दे, नंतर देतो म्हणायची त्याची छाती झाली नाही. त्याने मागचं दार उघडलं आणि मघाशी दिमाखात लावलेली एकेक वस्तू बाहेर काढायला लागला. पांघरुणं, दोऱ्या, डबा, सगळं फुटपाथवर. गॅलरीतले लोक आधी नुसते बघत होते. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि एकेक जण गुपचूप आत गेला. लोक हसले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं. धाकटा फोनमध्ये डोकं घालून बसला. बायको हळूच म्हणाली, "मला वाटलं तुम्ही त्यांच्याशी बोलला असाल." धाकट्याची बायको म्हणाली, तिलाही तसंच वाटलं. अख्ख्या घराला तसंच वाटलं होतं.

पिशवी घेऊन ताई जिन्याकडे निघाली. तो तिच्यामागे धावला. अगदी माझ्या दुकानासमोर त्याने तिला गाठलं.

"ताई, ऐक. दोन कॅन कमी करतो. धाकट्याच्या पोराला मांडीवर घेतील. मी तुला बसवतो ना!"

ताई पहिल्या पायरीवर थांबली. "मला कुठंतरी बसवू नकोस रे," ती म्हणाली. "मी काय कपाट आहे?"

आवाज चढवला नाही तिने. वर निघून गेली. तो तिथेच उभा राहिला, कान लालभडक, आणि मी उगाच घडी घातलेला शर्ट पुन्हा उलगडला.

ते गेले जंगलात. तो रद्द करायला निघाला होता, पण मुलं हिरमुसतील म्हणून ताईने ते होऊ दिलं नाही. वाटेसाठी डबेही तिनेच भरून दिले. परत आल्यावर मोजपट्टीची एक नवीच तऱ्हा सुरू झाली. तो बोलायचा नाही, वस्तू आणायचा. ताईला जाड शाल आणली. पाठीला आराम पडावा म्हणून खुर्ची आणली. डोळे तपासायला घेऊन गेला. ताई प्रत्येक वेळी "छान आहे" म्हणायची आणि कामाला लागायची. आणि घरात त्याने मुलांना सक्त ताकीद दिली होती की आत्यासमोर जंगलाचं नाव काढायचं नाही. शरमेवर त्याने शोधलेला हा उपाय. मला इतका राग यायचा की त्याच्या शर्टाची कॉलर मी मुद्दाम चुरगळून द्यावी असं वाटायचं. पण तो यायचा तेव्हा मान खाली घालूनच यायचा, आणि मग मी ती कॉलर नीट करूनच द्यायचे.

एका दुपारी तो कपडे न्यायला आला होता, सोबत धाकटी लेक. मी गठ्ठा बांधेपर्यंत ती माझ्या टेबलाला लटकून सांगत सुटली. "तिथं ना, सकाळी दार उघडलं तर समोरच हरीण! आणि ते पळालंच नाही, ते ना..."

तेवढ्यात ताई जिना उतरून आली. पोरीने पटकन तोंडावर हात धरला.

"थांबलीस का? सांग की," ताई म्हणाली.

पोरीने बापाकडे बघितलं. सांगू का, असं नजरेनेच विचारलं. मोजपट्टीने तो तोंडावरचा हात पाहिला. लेकीला हे कुणी शिकवलं ते त्याला ठाऊक होतं. मी दिलेला कपड्यांचा गठ्ठा दोन्ही हातांत धरून तो त्याची गाठ चाचपत राहिला.

"ताई," शेवटी तो म्हणाला, "गुडघ्यांचं ते खोटं होतं. थंडीचंही. मला तुझी आठवणच झाली नव्हती गं. इतके दिवस बेत करत होतो, पण एकदाही नाही." माझ्यासमोर, लेकीसमोर तो रडला, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"ते मला त्याच दिवशी कळलं," ताई म्हणाली. "म्हणून तर आले नाही."

तिने त्याच्या हातातला गठ्ठा घेऊन माझ्या टेबलावर ठेवला. त्याला जवळ घेतलं नाही, असू दे वगैरेही म्हणाली नाही. मग स्टूल ओढून बसली आणि पोरीच्या तोंडावरचा हात बाजूला केला.

"हं," ती म्हणाली, "पळालं नाही, मग काय केलं हरणानं?"