पंचविसाव्या उन्हाळ्याचा बिल्ला

विनफ्रीड आल्बोर्नने जर्मनीतल्या कासेल शहरात उभी हयात ट्रॅम चालवली, तीही बहुतेक एकाच मार्गावर. सुट्टीतही त्याचा मार्ग ठरलेला असे. ऑगस्ट उजाडला की डोंगरात चालायचे बूट गाडीत पडायचे आणि नवराबायको निघायचे ऑस्ट्रियात, पूर्व टिरोलमधल्या ओबरवाल्ट या डोंगरी गावी. मुक्काम बुर्गी नावाच्या बाईच्या शेतघरात, वरच्या मजल्यावरच्या त्याच खोलीत. खिडकीखाली गोठा, समोर कडा. पहिल्या वर्षी आवडलं म्हणून दुसऱ्या वर्षी गेले. पुढे आवडीनावडीचा प्रश्नच उरला नाही, कारण मध्ये बिल्ला आला.

दर उन्हाळ्याला न चुकता येणाऱ्या पाहुण्याचा तिथलं गाव सत्कार करतं. दहा वर्षांना पितळी बिल्ला, पंधराला रुपेरी, पंचविसाला सोनेरी. चौकात बँड वाजतो, सरपंच हात मिळवतो आणि धुरावलेल्या डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा भेट देतो. ओबरवाल्टची अट एवढीच की वर्षांत खंड नको आणि मुक्काम पूर्ण पंधरवड्याचा हवा. तो झाला की नाही हे घरमालकिणीने कळवायचं. विनफ्रीडला उन्हाळ्यात रजा मिळायची तीही पंधरवड्याचीच. शाळकरी मुलांच्या आईबापांचा हक्क आधी, आणि याला मूलबाळ नव्हतं.

त्याची बायको गेरलिंडे एका मोठ्या दुकानाच्या दर्शनी काचेमागची मांडणी करायची. कुठल्या निळ्याशेजारी कुठला पिवळा शोभतो, हे तिला दुरून कळे. तिला व्हेनिस पाहायचं होतं.

"खिंड ओलांडली की तीन-साडेतीन तासांचा रस्ता," ती न्याहारीला म्हणायची. "दोन रात्री राहू, परत येऊ."

"मग पंधरवडा मोडला."

"मोडू दे की."

"पितळी पदरात पडलाय, रुपेरी होऊ दे. मग बघू."

रुपेरी झाला. मग सोनेरीची वाट सुरू झाली. गेरलिंडे बुर्गीला सांगायची, "आमचे साहेब ट्रॅमवाले. थांबा आल्याशिवाय दार उघडत नाहीत." बुर्गी हसायची. विनफ्रीडही हसायचा. त्याला ते कौतुक वाटे.

तेविसाव्या उन्हाळ्याआधी गेरलिंडे ब्रेडऐवजी ताटलीवर जॅम लावताना दिसली. एकदा, मग पुन्हा. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडा शाबूत राहतील, मधलं जाईल. उपाय नाही.

"यंदा जाऊ या," ती त्या वर्षी म्हणाली.

"दोनच तर वर्षं राहिली," तो म्हणाला.

ती एरवी हुज्जत घालायची. त्या दिवशी घातली नाही, आणि पुन्हा विचारलंही नाही. मनासारखं झालं असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

पंचविसाव्या उन्हाळ्यात बँड वाजला. सरपंचाने दोघांच्या छातीवर बिल्ले टोचले. गेरलिंडेने आपल्या बिल्ल्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "कसलं फूल कोरलंय?" विनफ्रीडला चष्मा लावून बघावं लागलं. संध्याकाळी बुर्गीच्या टेबलाशी तो मोकळा झाला होता.

"उद्या व्हेनिस," त्याने जाहीर केलं. "दोन रात्री वजा होतील, पण आता होईनात का."

बुर्गी चीज कापत होती. "वजा कोण करतंय?"

"म्हणजे?"

"अरे, माझे श्टुटगार्टचे पाहुणे दर वर्षी चार दिवस सरोवरावर काढतात. मी पंधरवडाच कळवते. खोलीत चपला ठेवल्यात म्हणजे मुक्काम माझ्याकडेच."

"इतक्या वर्षांत बोलली नाहीस कधी."

"तू विचारलंस कधी? मला वाटलं, तुलाच जायचं नाही."

विनफ्रीडने बायकोकडे पाहिलं. ती बोटांनी चाचपत ब्रेडची कड शोधत होती.

"लोणी इकडे सरकव," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोघं व्हेनिसच्या मोठ्या कालव्यातल्या बोटीत होती. पाण्यावरची ती बसच. बसायला जागा मिळाली होती.

"काय दिसतंय?"

"घरं. ओळीने. खाली पाणी."

"घरं आणि पाणी कासेललाही आहे. रंग कुठला?"

"पिवळट. काही तांबूस. बाकी... पिवळटच."

"खिडक्या?"

"आहेत."

ती हसली, आणि तोंड पलीकडच्या तीराकडे वळवून बसली. डोळ्याच्या कडेने अलीकडचं थोडं तरी पकडावं म्हणून. बघणाऱ्याला वाटलं असतं, नवऱ्यावर रुसलीय. विनफ्रीडने पुन्हा प्रयत्न केला. एक घुमट आला, त्याला तो "मोठा" म्हणाला. पंचवीस उन्हाळे समोर असलेल्या कड्याचं वर्णन कर म्हटलं असतं, तरी "राखाडी" यापलीकडे आपल्याला काही सांगता आलं नसतं, हे त्याच्या लक्षात आलं.

मागच्या बाकावर गवती टोपीतली एक व्हिएन्नाची बाई नकाशाने वारा घेत होती. ती पुढे वाकली. "राग मानू नका, मी सांगू?"

"सांगा की," गेरलिंडे म्हणाली.

"डावीकडच्या घराला खाली पायरीपर्यंत शेवाळ आहे, काळपट हिरवं. वर गुलाबी गिलावा, पोपडे निघालेत तिथे विटा उघड्या. गच्चीत बनियनमधला एक म्हातारा टोमॅटोंना पाणी घालतोय. निम्मं खालच्या बाईच्या चादरींवर पडतंय."

"तिला कळलंय?"

"अजून नाही. थांबा. कळलं आता."

दोघीही खळखळून हसल्या. विनफ्रीड उठला.

"इथे बसा तुम्ही," तो त्या बाईला म्हणाला. "तिला नीट ऐकू येईल."

बायकोची पर्स आणि शाल घेऊन तो मागे कठड्याशी जाऊन उभा राहिला. त्याने म्हाताऱ्याला शोधलं, पण तोवर बोट वळली होती. पुढच्या बाकावरून गेरलिंडेचा आवाज येत होता. आता काय, मग पुढे काय, असं ती विचारत होती. ते प्रश्न त्याला नव्हते.