घोडीचा तिसरा हिस्सा

सर्व संबंधितांस, म्हणजे मालवणच्या बाजारात त्या काळी उठबस असलेल्या आणि अजून हयात असलेल्या सर्व सद्गृहस्थांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखक एके काळी मुंबईच्या शर्यतीत पळणाऱ्या एका घोडीच्या तिसऱ्या हिश्श्याचा मालक होता. हे त्यांना ठाऊक आहेच, कारण तीन वर्षं मी त्यांना दुसरं काही ऐकू दिलं नाही. ठाऊक नसलेला भाग पुढे आहे. तो वाचताना माझ्याकडे बघू नये.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. बंदराजवळ माझं दुकान होतं. होड्यांना लागणारा दोर, डांबर, शिडाचं कापड, खिळे. दोर मुंबईच्या एका शेठकडून यायचा. एकदा मागणी द्यायला गेलो, तर शेठ मला तबेल्यात घेऊन गेले. नुकतीच घेतलेली घोडी दाखवायची होती. खर्च वाटून घ्यायला त्यांनी एक डॉक्टर भागीदार गाठला होता, तिसरा हवा होता. अर्ध्या तासात तो तिसरा मी झालो. कागदावर मालक शेठच, डॉक्टर आणि मी तोंडी.

मी एकच अट घातली. आमच्याकडे होडीला तीन वाटेकरी असले, तर पावसाळ्यानंतर ती पाण्यात लोटण्याआधी तिघांना विचारावं लागतं. एखादा अंथरुणाला खिळला असला तरी त्याच्या खाटेपाशी जाऊन विचारतात. म्हटलं, घोडीलाही हाच नियम. मतभेद झाला तर दोघे म्हणतील ते. शेठ पोट धरून हसले आणि त्यांनी हातावर हात मारला. या नियमाचा मला फार अभिमान वाटे. नियम चांगलाच होता. त्याच्याबद्दल माझी आजही तक्रार नाही.

घोडीचा मोतद्दार, म्हणजे तिचं खाणंपिणं आणि मालीश बघणारा माणूस, निघाला आमच्या मालवणजवळच्या तोंडवलीचा. मुंबईच्या तबेल्यात 'तुमी खंयचे?' असं कानावर आल्यावर माझा ऊर भरून आला. घोडीचं नाव इंग्रजी होतं, ते आम्हां दोघांच्याही जिभेवर बसेना. तो तिला 'बाय' म्हणायचा. मी गुळाचा खडा पुढे केला, तर बायने गूळ सोडून माझ्या काखेत तोंड खुपसलं आणि तशीच उभी राहिली. 'वळाखल्यान तुमका,' मोतद्दार म्हणाला. त्यानंतर मी तिला कधी पाहिलं नाही.

बाजारात मात्र ती रोज असायची. दुकानात डांबराच्या पिंपाच्या वर भिंतीला तिचा फोटो टांगला होता. शर्यतीचा निकाल मुंबईच्या बोटीने येणाऱ्या वर्तमानपत्रातून दोन दिवसांनी कळायचा. बोट बंदरात दिसली की मी धक्क्यावर, आणि पेपर हातात पडला की दुकानात खेळ सुरू. दोराच्या वेटोळ्यावर उभा राहून, दोन करवंट्या टापांसारख्या वाजवत, मी ती न पाहिलेली शर्यत पहिल्या वळणापासून शेवटपर्यंत सांगायचो. घोडी चौथी आली असली तरी तिचं चौथं येणं मी असं रंगवायचो, की पहिल्या तिघांची ऐकणाऱ्यांना कीव यावी.

'तिसरो हिस्सो म्हणजे खंयचो रे तुझो?' एक होडीवाले काका विचारायचे. 'फुडलो काय मागलो?'

'मागलो असतलो,' दुसरा सांगायचा. 'बक्षीस शेठाचा आणि लीद ह्याची.'

संध्याकाळी डाक बंद झाली की पोस्टमास्तरही येऊन बसायचे. घाटावरचे गृहस्थ, सावकाश बोलणारे. करवंट्यांच्या आवाजाला त्यांच्याइतकं मनापासून कोणी हसत नसे. घोडी एकदा जिंकली, तेव्हा मी अख्ख्या बाजारात गुळाचं खाजं वाटलं. पहिला पुडा त्यांना दिला.

तिसऱ्या वर्षी हंगामाच्या शेवटी मोठी शर्यत होती. महिनाभर आधीपासून मी दवंडी पिटली होती. काका म्हणाले, 'ह्या खेपेक पेपरात नाव तरी येतला मा? नायतर फोटो उतरव. लोकांका वाटता, तुझी घोडी फक्त भिंतीवर पळता.'

सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला लागलं.

त्याच बुधवारी मोतद्दाराचं कार्ड आलं. कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. 'बायच्या फुडल्या उजव्या पायाक हात लावल्यार गरम लागता. पाय टेकताना दचाकता. शेठ आयकणत नाय. शनवारी पळवली तर पाय ऱ्हवाचो नाय. तुमका इचारतले. तुमी नको म्हणा.' पाठोपाठ दुपारी शेठची तार. ते म्हणतात पळवावी, डॉक्टर म्हणतात विश्रांती द्यावी, तुमचं मत आजच कळवा.

माझाच नियम. होडीच्या तिसऱ्या वाटेकऱ्याला विचारायला ते माझ्या दारात आले होते.

खरं तर विचार करण्यासारखं काही नव्हतं. ज्याचा हात रोज त्या पायावर फिरत होता त्याने सांगितलं होतं. पण डोळ्यांसमोर पाय येईना, काका येत होते. शनिवारी ती पळाली नाही, तर सोमवारी पेपरात नाव नसणार आणि मला वेटोळ्यावरून खाली उतरावं लागणार. मी नारळ घेतला आणि गावच्या देवळात कौल लावायला गेलो.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. देवाच्या पाषाणावर गुरव दोन बाजूंना पाण्याने कळ्या चिकटवतो आणि देवाला प्रश्न घालतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने विचारलं, 'बा देवा म्हाराजा, घोडी पळवची काय?' डावी कळी पटकन पडली. जणू देवाला दुसरं काम होतं.

मी म्हटलं, प्रश्न नीट मांडला गेला नाही. असं विचारा, की घोडी मालवणचं नाव राखील काय. गुरवाने कळ्या पुन्हा लावल्या. बराच वेळ कोणतीच हलेना. मग उजवी पडली.

'पण ह्यो दुसरो प्रश्न झालो,' गुरव हळूच म्हणाला.

मी नारळ ठेवला आणि तिथून थेट पोस्टात गेलो. तारेत एकच शब्द लिहिला, 'पळवा'. पोस्टमास्तरांनी तो वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. 'एवढंच?' म्हणाले. मी म्हटलं, एवढंच.

सोमवारी बोट आली. बातमी पानाच्या तळाशी होती. शेवटच्या वळणावर घोडीचा पुढचा पाय मोडल्याने तिला तिथेच नष्ट करण्यात आलं. नष्ट. भिजलेल्या सिमेंटच्या गोणीला हा शब्द मी वापरला असता.

दुकानात माणसं जमली होती. मी पेपर घडी करून ठेवला, आणि कोणी विचारण्याआधीच माझ्या तोंडून निघालं, 'मी नको म्हणून कळवलं होतं. त्यांनी ऐकलं नाही.'

पोस्टमास्तर कोपऱ्यातल्या स्टुलावर होते. कोणाच्या तारेत काय होतं, ते त्यांच्या नोकरीत सांगता येत नाही. उठले, छत्री घेतली, गेले. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचे यायचे बंद झाले. बाकीच्यांनी माझं सांत्वन केलं. काकांनी स्वतः चहा मागवला, फोटोला कोणीतरी हार आणला. मी तो घालू दिला. आणखी वाईट म्हणजे, ते सगळं मला आवडलं. आठवडाभर मी दुःखी मालकाचं सोंग इतकं छान वठवलं, की मधूनमधून मलाही रडू यायचं.

मे महिन्यात मोतद्दार नोकरी सोडून गावी आला. शेठने कोणी काय मत दिलं ते त्याला सांगितलं नव्हतं, नोकराला कोण सांगतो. धक्क्यावर उतरून, काखेत वळकटी धरून, तो तोंडवलीला जाण्याआधी दुकानात आला. बाजार गोळा झाला. पोस्टमास्तर नेमके विहिरीसाठी दोर घ्यायला आले होते. तेव्हा तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण समोर माणसं होती. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, 'काय करणार बाबा, मी एकटा नको म्हणून काय होतं?'

पोस्टमास्तरांनी हातातला दोर खाली ठेवला. मोतद्दार कमी बोलणारा. तो फोटोकडे बघत राहिला, आणि एकदम बोलून गेला, 'माका ठावकच होता, भाऊनू. शर्यतीच्या सकाळी मी तिच्या कानात सांगललंय, भिया नको गो बाय, मालवणाक आपलो माणूस आसा.'