मामांनी नापसंत केलेलं तंजावर

माणसाला घर मिळू न देण्याच्या कामात मामांचा हात धरील असा दुसरा इसम अख्ख्या कावेरीच्या खोऱ्यात सापडणार नाही. दलाल निदान दलाली मिळाल्यावर थांबतात. मामा फुकट काम करत, त्यामुळे त्यांना थांबवायचा काही मार्गच नव्हता. उन्हाळाभर मी त्यांच्यामागे तंजावरच्या गल्ल्या तुडवल्या. या गावात माणसांनी राहण्यासारखी एकही जागा नाही, आणि तरीही इतकी माणसं राहतात ती केवळ अज्ञानामुळे, असं त्यांच्याबरोबर हिंडताना माझं ठाम मत होत चाललं होतं.

भाताच्या गिरण्यांची यंत्रं बनवणाऱ्या आमच्या कंपनीने मला नाशिकहून इथे पाठवलं, तेव्हा मी आधी एकटाच आलो. घर ठरलं की बायको सुनंदा, मुलगी रेवा आणि आई यायच्या होत्या. रेवाची शाळा जूनमध्ये सुरू होणार होती, तेव्हा घाई होतीच. पण खरी काळजी आईची होती. तिचं विसरणं नुकतंच सुरू झालं होतं. गॅसवर दूध ठेवून विसरणं निराळं. ती एकदा कोथिंबीर आणायला म्हणून गेली आणि भलत्याच सोसायटीच्या पायरीवर दुपारभर बसून राहिली. घर कुठे आहे ते तिला आठवेना, आणि विचारायची तिला लाज वाटली. जागा बदलली की गोंधळ वाढेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण तिला मागे ठेवायचं तरी कोणापाशी?

हे सगळं मी ऑफिसातल्या गणेशरावांजवळ बोललो. त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यात इथे आलेलं, तेव्हापासून इथलंच. ते म्हणाले, "माझे सासरे घर पाहून देतील. ते माझे सख्खे मामाच." त्यांच्यात मामाची मुलगी करतात, म्हणून सासरा मामाच राहतो. आणि गणेशराव मामा म्हणतात म्हणून आमचं ऑफिस, कोपऱ्यावरचा कॉफीवाला आणि रिक्षावालेसुद्धा त्यांना मामाच म्हणत. मीही म्हणू लागलो.

मामांनी जन्मभर हायस्कुलात भूगोल शिकवला. पांढरीशुभ्र वेष्टी म्हणजे इकडचं धोतर, खिशाला पेन, कपाळावर गंध आणि काखेत छत्री. ही छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. ती रस्त्यांकडे, घरांकडे आणि माझ्याकडे रोखण्यासाठी होती. मराठी ते घरातच शिकलेले. देवनागरी त्यांना वाचता येत नसे, वर्तमानपत्र तमिळ. पण माझं बोलणं ऐकून पहिल्याच दिवशी त्यांनी मान हलवली. "तुमची मराठी बिघडली आहे हो. उत्तरेकडे राहून ऐसेंच होतें." उत्तरेकडे म्हणजे नाशिकला.

घर पाहण्याची त्यांची स्वतःची रीत होती. ते आधी घरात शिरतच नसत. बाहेर उभे राहून घरमालकाला विचारत, "वारा कोठून येतो?" घरमालक बिचारा म्हणे, "खिडकीतून." मामा म्हणत, "तें वाऱ्यास माहीत आहे आ?" 'का'च्या जागी ते तमिळ 'आ' लावत. मग आत जाऊन खांद्यावरचा पंचा उशाला घेत आणि थेट फरशीवर आडवे होत. जिथे झोप येते ते घर, असा त्यांचा सिद्धान्त. एका घरात ते खरोखर घोरू लागले. मालकीणबाई कॉफीचा पेला आणि त्याखालचा डबरा, म्हणजे खोलगट वाटी, घेऊन उभ्या, मी त्यांच्यासमोर हसत उभा, आणि मधोमध मामा. मला वाटलं, संपलं एकदाचं. मामा उठले, कॉफी प्यायले, कॉफीची मनापासून स्तुती केली आणि दाराबाहेर येऊन म्हणाले, "झोंप आली. पण स्वप्नें बरी नव्हतीं."

लॉजवरच्या खोलीत बसून मी सुनंदाला फोनवर हे सगळं सांगे, तेव्हा ती आधी हसायची. मग हसायची बंद झाली. मग म्हणाली, "तू त्यांना सोडून दे आणि एक घर घेऊन टाक." मी तेच ठरवत होतो. इतक्यात एका दुपारी, मी पापनाशमच्या एका गिरणीत कामाला गेलेलो असताना, अनोळखी नंबरवरून फोन आला. "तुमचे वडील आमच्या दवाखान्यात आहेत. रस्त्यात सापडले. स्वतःचं नाव सांगत नाहीत, तुमचा नंबर तेवढा खिशात होता."

माझे वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. मी गिरणी सोडून धावलो. दवाखान्यात पलंगावर मामा. छातीला तारा, दंडाला पट्टा, आणि भोवती एक नव्हे, तिघे डॉक्टर. ती गल्लीच डॉक्टरांची होती. मला पाहताच मामांनी तारा काढायला सुरुवात केली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ही गल्ली चालेना. इथें हरवलेल्यास रोगी करतात."

परतताना रिक्षात मी त्यांच्याकडे तिरक्या नजरेने पाहत होतो. आई रस्ता चुकू नये म्हणून मी ज्याच्या भरवशावर होतो, त्यालाच आता मी हुडकत फिरायचं होतं की काय? संध्याकाळी गणेशरावांना हळूच विचारलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. "त्यांना काहीही झालेलं नाही. हे तुमच्या आईंसाठी चाललंय."

मामांना अजिबात संकोच नव्हता. ओट्यावर पाय लांब करून त्यांनी मला भूगोलाचा धडा द्यावा तसं समजावलं. "तुमची आई एक दिवस बाहेर पडेल. पडेलच. तेव्हां गल्ली काय करील? तें स्वयंपाकघर पाहून समजतें आ? म्हणून आधीं मी हरवून पाहतों."

"मामा, अहो, लोकांना फसवणं झालं हे!"

"फसविणें कसलें? म्हातारा उन्हांत उभा आहे. बाकी तें लोकच ठरवितात."

यानंतर मामा गावभर हरवू लागले. एका नव्या वसाहतीत मला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट फार आवडला होता. लिफ्ट, फाटकावर पहारेकरी, रेवाची शाळा हाकेच्या अंतरावर. मामा तिथे फाटकापाशी जाऊन भांबावल्यासारखे उभे राहिले. पहारेकऱ्याने त्यांना हाकललं नाही, उलट प्लास्टिकची खुर्ची दिली आणि त्यांचा व्हिडिओ काढून वसाहतीच्या ग्रुपवर टाकला. घराघरांतून हात जोडलेली चिन्हं आली, खाली मात्र कोणी उतरलं नाही. व्हिडिओ तिथून निघून चेन्नईला त्यांच्या भाचीपर्यंत पोचला, आणि तिने मामांच्या मुलीला फोन केला, "अक्का, मामा हरवले आ?" मामा तोवर खुर्चीवर बसूनच. घरी आल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "सगळ्यांनीं पाहिलें. फार चांगलें पाहिलें."

दुसऱ्या एका गल्लीत माणसं इतकी तत्पर निघाली की विचारायची सोय नाही. "गाव कोणतं?" असं कोणीतरी विचारलं. मामा आपल्या भूमिकेत रंगलेले, त्यांच्या तोंडून जन्मगाव निघालं, ओरत्तनाडु. झालं. दोघांनी त्यांना उचलून बसमध्ये बसवलं, हातात केळी दिली, कंडक्टरला बजावलं की यांना वाटेत उतरू द्यायचं नाही. कंडक्टरने उतरू दिलं नाही. मामा ओरत्तनाडुला जाऊन, चुलतभावाकडे जेवून, दिवेलागणीला परत आले. "गल्ली मायाळू आहे," ते म्हणाले, "पण घाई फार."

इकडे मी थकलो होतो. लॉजचा मॅनेजर मला आता स्वतःच्या घरातला समजून भाजी काय करू विचारत होता. शाळा उघडायला आली होती. मी मामांना न सांगता वसाहतीतल्या त्या फ्लॅटला होकार देऊन आलो. तासाभरात मामांना समजलं. या गावात काही लपत नाही. ते छत्री रोखून लॉजच्या दारात उभे.

"होय म्हटलें आ?"

"म्हटलं! मला घर हवंय, मामा. गल्ली नकोय! लिफ्ट आहे, पाणी आहे, शाळा आहे. आणखी काय पाहिजे माणसाला?"

"आईस कोण शोधील? लिफ्ट?"

मी खूप बोललो. त्यांच्या फरशीवर झोपण्याबद्दल बोललो, वाऱ्याबद्दल बोललो, त्या तिघा डॉक्टरांसमोर मला किती शरमल्यासारखं झालं तेही बोललो. मामा ऐकत राहिले. मग "सरि", म्हणजे बरं, म्हणाले आणि छत्री काखेत मारून निघून गेले. मला फार हलकं वाटलं. मी सुनंदाला फोन लावून तिकिटं काढायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गणेशराव मला ऑफिसातून ओढतच त्यांच्या सासुरवाडीला घेऊन गेले. दारात पंचवीसएक माणसं. पुढे एक फुलवाली, अलमेलू तिचं नाव, कमरेला पदर खोचून मामांच्या मुलीला, गणेशरावांच्या बायकोला, फैलावर घेत होती. तिच्या मागे मामा, हातात मोगऱ्याचा गजरा, चेहऱ्यावर लग्नातल्या नवरदेवाचं समाधान.

घडलं होतं असं. मामा जुन्या पेठेतल्या एका अरुंद गल्लीत शेवटचे म्हणून हरवायला गेले. अलमेलूने त्यांना पाहिलं, "या वयात उन्हात हिंडतोस?" म्हणून दटावलं, ओट्यावर सावलीत बसवलं, ताक दिलं आणि पुढ्यात फुलांची टोपली ठेवली. तुझं माणूस शोधत येईल, तोवर हात चालव. मग तिने घरोघर विचारायला लावलं. तिथे मामांचा एक जुना विद्यार्थी निघाला. त्याने ओळखलं, "अरे, हे तर आमचे भूगोलाचे सर!" मामांना वाटलं, सुटलो. पण गल्ली सोडेना. ज्यांनी सगळ्या गावाला नद्या-डोंगर शिकवले त्यांना स्वतःचं घर सापडत नाही, ही गोष्ट अलमेलूच्या काळजाला लागली. एकट्याला धाडायचं नाही असं ठरलं, आणि अर्धी गल्ली त्यांना पोचवायला चालत आली. पोचवून गेली असती तरी ठीक. पण ती लेकीला जाब विचारत थांबली. बापाकडे लक्ष नको? सून-जावई करतात काय? मामांची लेक बँकेत अधिकारी. ती माहेरच्याच दारात मान खाली घालून उभी होती. नाटक आहे म्हणावं तर बापाची अब्रू जाते, न म्हणावं तर तिची.

मंडळी गेल्यावर मामा माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते. "माझ्या मुलीस ओरडले!" ते म्हणाले. "अय्यो, काय ओरडले! हीच ती गल्ली."

त्या गल्लीत एक घर भाड्याने द्यायचं होतं, ते मी पाहिलं. लांबच लांब आणि बोळासारखं. फ्रिज स्वयंपाकघराच्या दारातून जाईना. तो आजही पाहुण्यांच्या स्वागताला बैठकीत उभा आहे. गाडी दूर हमरस्त्यावर लावावी लागते. शाळेला बस बदलून जावं लागतं आणि त्याबद्दल रेवाने मला अजून क्षमा केलेली नाही. मी चिडत, धुसफुसत, मामांकडे न पाहता, फ्लॅटवाल्याला नकार कळवला. का कळवला, ते सुनंदाने विचारलं तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. मी म्हटलं, "इथली माणसं फार भांडखोर आहेत," आणि ती म्हणाली, "मग बरं."

आम्ही राहायला आलो आणि थोड्याच दिवसांत एका रविवारी आई दिसेना. पुढचं दार उघडं. सुनंदा एकीकडे धावली, मी दुसरीकडे. पायांत चपला नव्हत्या हे मला रस्त्याचे चटके बसल्यावर कळलं. गल्लीच्या तोंडाशी पोचतो तोच समोरून शहाळ्याची गाडी येताना दिसली. गाडीवाला, दोन बायका आणि त्यांच्या मधोमध आई. तिच्या हातात शहाळं होतं आणि ती त्या बायकांशी नाशकाच्या द्राक्षांबद्दल मराठीत बोलत होती. त्या तमिळमध्ये होकार देत होत्या. मी आईला मिठी मारणार तेवढ्यात अलमेलूने ओट्यावरून तोंड सोडलं. मग शहाळेवाल्याने. मग त्या दोघींनी. माझं तमिळ तेव्हा फार कच्चं होतं, पण त्यातला एक शब्दही समजावून घ्यायची गरज पडली नाही. मी भर रस्त्यात, अनवाणी, खाली मान घालून पोटभर बोलणी खाल्ली.

संध्याकाळी मामांना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "तुम्हांस ओरडले आ?"

"खूप ओरडले, मामा."

"सरि," म्हणाले आणि फोन ठेवला.

यालाही आता काही वर्षं झाली. मधल्या काळात मामा येत राहिले, आमच्या पडद्यांची दिशा, रेवाचा भूगोल आणि माझी मराठी सुधारत राहिले, आणि मी चिडत राहिलो. मागल्या पावसाळ्यात मामी गेल्या. मुलगा बंगळूरला असतो. त्याने ठरवलं की अप्पांना आता तिकडे न्यायचं. निघण्याच्या सकाळी गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबवून मामा भेटायला आले. काखेत छत्री होती, पण ती कोणावर रोखली नाही. आईच्या पाया पडले, बैठकीत बसले. मी उगाच विचारलं, "मामा, घर पाहिलंत का तिथलं?"

"मुलानें फोनावर दाखविलें."

"कसं आहे?"

"बरें आहे," मामा म्हणाले.

मी वाट पाहिली. आता वारा निघेल, फरशी निघेल, शेजारी निघतील. पण मामा उठले, वेष्टी सारखी केली आणि सावकाश गल्लीतून चालत गेले. अलमेलूने त्यांच्या हातात फुलं दिली. काही ओरडली नाही. गाडी त्रिचीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी आणि आई दारात उभे होतो.

"कोण होते रे ते?" आईने विचारलं.

"मामा."

"कोणाचे?"

"आपले," मी म्हटलं.